चिलीम भरावी कशी, आणि कोणी भरू नये

वाचकहो, तुमच्या घराच्या माळ्यावर, देवळीत किंवा गोठ्याच्या वळचणीत शोधलेत तर एखादी जुनी मातीची चिलीम अजून सापडेल. वर रुंद तोंड, खाली निमुळती होत गेलेली नळी, बाहेरून भाजक्या मातीचा रंग आणि आतून काळी कुळकुळीत. कुंभाराने घडवून आव्यात भाजलेली ही चार-सहा बोटे लांबीची वस्तू एके काळी गावच्या पारावर, खळ्यावर आणि ओसरीवर मानाने फिरत असे. पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी, मग चिलीम. आता ती क्वचित दिसते. तिची जागा विडीने घेतली, विडीशेजारी सिगारेट आली, आणि टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या.

तरीसुद्धा आज चिलमीवरच बोलायचे आहे. कारण तंबाखूची खरी गोम चिलीम भरण्यात जशी उघडी पडते, तशी दुसऱ्या कशातच पडत नाही. ज्यांच्या घरी चिलीम नाही, त्यांनीही वाचावे. विडीला, सिगारेटला आणि मशेरीच्या डबीला तेच लागू आहे.

वारा खेळला पाहिजे

चिलीम भरणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, असे जुनी माणसे म्हणत, आणि त्यात तथ्य होते. चूल पेटवणाऱ्या आमच्या भगिनींना त्यातले मर्म चटकन कळेल. चुलीत लाकडे ठासून कोंबली तर जाळ होतो का? नुसता धूर होतो. आणि दोनच काटक्या टाकल्या तर भडका उडून क्षणात विझते. चिलमीचेही तसेच. तंबाखूतून वारा खेळला पाहिजे, पण मोकाट सुटता कामा नये. एवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचा सारा खटाटोप.

आधी चिलीम कोरडी करून तारेने किंवा काडीने आतला किट्ट खरवडून काढायचा. मग आत खडा सोडायचा. हा खडा चिलमीच्या निमुळत्या भागात जाऊन अडकतो. तंबाखूला तो खाली तोंडात येऊ देत नाही, पण बाजूच्या फटींतून वारा मात्र जाऊ देतो. म्हणून खडा गुळगुळीत आणि वाटोळा चालत नाही. तो भोकात बुचासारखा बसतो. जरा खडबडीत, कोपरे असलेला खडा हवा. चांगला खडा सापडला की माणसे तो चंचीत जपून ठेवीत.

मग तंबाखू. वाळल्या पानातल्या शिरा आणि काड्या काढून टाकायच्या. पान तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचे, आणि भुकटी फुंकून उडवायची. भुकटी राहिली की ती खड्याच्या फटींत बसते आणि चिलीम चोंदते. तंबाखू फार ओली असेल तर पेटत नाही, फार कडक वाळलेली असेल तर भडाभडा जळते आणि घसा सोलून काढते.

भरताना पहिली चिमूट नुसती वरून सोडायची, दाबायची नाही. दुसरी किंचित चेपायची. तिसरी जरा बेताने बसवायची, आणि वर विस्तवापुरती जागा मोकळी सोडायची. पेटवण्यापूर्वी कोरडीच ओढून पाहायची. श्वास घेतल्यासारखा वारा सहज आला, तर भरणी सैल आहे. गाल आत गेले, तर ठासली आहे. दोन्हींच्या मधली ओढ लागली, की भरणी साधली.

नंतर खालच्या टोकाला छापी. छापी म्हणजे ओला करून पिळलेला फडका. चिलमीला थेट ओठ लावायचे नाहीत. छापी गुंडाळलेले टोक मुठीत धरायचे आणि मुठीच्या पोकळीतून ओढायचे. बोटे किती आवळली यावर झुरका कडक की सौम्य हे ठरते. विस्तव गोवरीचा, नाहीतर काथ्याची गुंडी करून पेटवलेला. तो फुलवून, वरची राख फुंकून, मगच वर ठेवायचा. जाळ असलेला विस्तव ठेवला तर वरचा थर करपतो आणि खालचा तसाच राहतो.

परदेशची रीत

ही अक्कल फक्त आपल्याकडेच होती असे नाही. जिथे जिथे नळीतून तंबाखू ओढली गेली, तिथे तिथे माणसाला हेच शोधावे लागले. विलायतेत लाकडी पाइप ओढणाऱ्यांमध्ये एक जुनी म्हण आहे. पाइप तीन थरांत भरावा. पहिला थर लहान मुलाच्या हाताने, दुसरा बाईच्या हाताने आणि तिसरा पुरुषाच्या हाताने. म्हणजे आधी अगदी हलका, मग जरा दाबून, मग घट्ट. आपल्या तीन चिमटींचेच ते दुसरे रूप.

जपानात किसेरू नावाची लांब, बारीक नळी असे. दोन्ही टोके धातूची आणि मधली नळी बांबूची. तिची वाटी एवढीशी की जेमतेम वाटाणा मावावा. तिथली तंबाखू केसासारखी बारीक चिरलेली. अशी बारीक तंबाखू दाबली की गच्च बसते, मग तिच्यातून वारा जात नाही. म्हणून ती चिमटीत घेऊन बोटांनी हलकेच फिरवून तिची सैल गोळी करतात आणि वाटीत नुसती ठेवतात. दोन-तीन झुरक्यांत संपली की राख झटकायची. नियम सोपा आहे. तंबाखू जितकी बारीक, तितका हात हलका. जाड तंबाखू थोडे दाबणे सोसते, बारीक सोसत नाही.

विजापूरहून आग्र्याला

आता ही तंबाखू आपल्याकडे आली कोठून, तेही पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांना वाटे की ती पहिल्यापासून इथलीच. तसे नाही. तंबाखूचे झाड मूळचे अमेरिकेतले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला तेव्हा युरोपच्या माणसांनी ती प्रथम पाहिली. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली, आणि तिचे नावही त्यांच्याच भाषेतून आले.

दख्खनच्या पठारावर ती लवकर रुजली. अकबर बादशहाचा असद बेग नावाचा सरदार वकील म्हणून विजापूरला गेला होता. तिथे त्याला ही नवलाईची वस्तू दिसली. १६०४ च्या सुमारास आग्र्याला परतताना त्याने इतर नजराण्यांबरोबर तंबाखू आणि ती ओढण्याची एक रत्नजडित नळी बादशहासाठी नेली. ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. बादशहाने कौतुकाने एक-दोन झुरके घेतले. तेवढ्यात शाही हकीम पुढे झाला आणि त्याने हरकत घेतली. आमच्या ग्रंथांत हिच्याविषयी काही लिहिलेले नाही, हिचे गुणदोष पारखलेले नाहीत, तेव्हा बादशहांनी ही घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगने वाद घातला. फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, आणि प्रत्येक रीत केव्हातरी नवीच असते, असे तो म्हणाला.

अकबराने पुढे तंबाखूचा नाद लावून घेतला नाही. पण दरबारातल्या उमरावांनी मागून मागून नेली, व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली आणि बघता बघता ती पसरली. इतकी की १६१७ साली जहांगीर बादशहाला तिच्यावर बंदीचे फर्मान काढावे लागले. फर्मान कागदावर राहिले आणि चिलीम गावोगाव गेली.

त्या हकिमाची शंका रास्त होती, हे सिद्ध व्हायला मात्र फार काळ जावा लागला. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतले रोगी तपासून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखवून दिले. मधल्या साडेतीनशे वर्षांत किती घरे उजाडली, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

सोसवणे वेगळे, निर्धोक वेगळे

मंडळी, वर चिलीम भरण्याची जी रीत सांगितली तिच्याकडे आता पुन्हा पाहा. खडा कशासाठी? तंबाखूचा कण तोंडात येऊ नये म्हणून. छापी कशासाठी? धूर गार व्हावा, घसा भाजू नये म्हणून. हलक्या हाताने भरायचे कशासाठी? ठसका लागू नये म्हणून. यातली एक तरी युक्ती धुरातले विष काढण्यासाठी आहे का? एकही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सारी हुशारी एवढ्यासाठीच खर्ची पडली, की शरीर जे नको म्हणते ते त्याच्या गळी उतरावे.

पहिला झुरका घेणाऱ्या पोराला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, मळमळते. ते शरीराचे शहाणपण असते. दारातला राखणदार कुत्रा भुंकावा तसे ते भुंकत असते. चिलीम नीट भरणे म्हणजे त्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून गप्प करणे. कुत्रा गप्प झाला म्हणून चोर काही सावकार होत नाही.

छापीवर जो तपकिरी डाग पडतो, तो पाहून अनेकांना वाटते की घाण फडक्यात राहिली, आत चांगला धूर गेला. थोडा किट्ट फडक्याला लागतो हे खरे. पण धुरातले वायू फडक्याला अडत नाहीत. हुक्क्यातले पाणीही त्यांना अडवत नाही. त्यातला एक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवून निजलेली माणसे ज्याने दगावतात, तोच हा. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. मग प्राणवायूला जागा राहत नाही. डोक्यावर भारा घेऊन चढ चढताना चिलीम ओढणाऱ्याला जी धाप लागते, तिचे एक कारण हे.

दुसरे द्रव्य निकोटीन. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचते. तरतरी आल्यासारखे वाटते ते त्यामुळे, आणि तासाभराने जी तलफ येते तीही त्यामुळेच. म्हणजे तंबाखू थकवा घालवत नाही. तिने स्वतः लावलेली बेचैनी तीच घटकाभर मिटवते, आणि माणूस तिला उपकार समजतो. याशिवाय तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने सापडली आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोग करणारी आहेत. खडा-छापीला त्यांची दादही नसते.

भरणारे हात

आता ज्यासाठी हे सारे लिहिले, त्या गोष्टीकडे येतो. चिलीम ओढत आजोबा, पण भरत कोण असे? बहुतेक घरांत नातू. "पोरा, चिलीम भर रे." "जा, चुलीतला विस्तव आण." पोर चिमट्यात निखारा धरून पळत येई. विझू नये म्हणून वाटेत फुंकर घाली, आणि आजोबांच्या हाती देण्याआधी नीट पेटली का ते पाहायला एक झुरका घेई. कोणी रागावत नसे. उलट, "आमच्या पोराच्या हाताला काय भरणी आहे!" असे चारचौघांत कौतुक होई. विलायतेतली ती म्हण पुन्हा आठवा. पहिला थर मुलाच्या हाताचा. तिथे ते बोलण्यापुरते होते. आपल्या घरांत ते अक्षरशः खरे होते.

व्यसन लागते कसे, याची खूप चर्चा होते. वाईट संगत, शहराची हवा, सिनेमा अशी कारणे सांगतात. पण आपल्या कितीतरी घरांत व्यसनाचा पहिला धडा आजोबांच्या मांडीजवळ, लाडाने आणि शाबासकीने दिला गेला. यात आजोबांचा दुष्टावा नव्हता. त्यांनाही त्यांच्या आजोबांनी असाच शिकवला होता.

चिलीम गेली तरी ही रीत गेली नाही. "बाळ्या, जा, टपरीवरून विडीचा कट्टा आण." "गुड्डी, माझी मशेरीची डबी दे गं." "पुडी फोडून दे." हे कालच तुमच्या घरात बोलले गेले नसेल, तर आनंद आहे. बोलले गेले असेल, तर कृपा करून थांबवा. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा एवढेच मनात धरा. मुलाचे हात ज्या कामाला लागतात ते काम ते शिकते. मग ते पाभर धरणे असो की चिलीम भरणे.

भगिनींनो, यात तुम्हीही आलात. पुरुषांच्या विडीला नावे ठेवताना आपली मशेरी आपण विसरतो. ती धूर करत नाही, पण ती भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईतल्या गरोदर बायांचा अभ्यास करून २००४ साली संशोधकांनी दाखवले, की मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी जन्मली. पोटातल्या बाळाला तर नको म्हणण्याचीही सोय नाही.

खळे, रोपे आणि फवारणी

शेतीच्या अंगानेही चार गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली आगीची. चिलीम उलटी करून ठोकली की वरून राख दिसते, पण आत निखारा जिवंत असतो. विडीच्या थोटकाचेही तेच. कडब्याची गंजी, वैरणीची वळई, वाळलेला ऊस, कापसाची खोली यांच्याजवळ ओढणे म्हणजे वर्षाची कमाई झुरक्यावर लावणे. खळ्यावर आणि गोठ्यात कोणीही ओढायचे नाही, हा नियम घरधन्यापासून गड्यापर्यंत सर्वांना सारखा हवा.

दुसरी रोपांची. ही बऱ्याच जणांच्या कानावर नसते. तंबाखूच्या पानांवर मोझॅक नावाचा विषाणूरोग पडतो. जगातल्या विषाणूंच्या शोधाची सुरुवातच या रोगापासून झाली. १८९२ साली इव्हानोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने दाखवले, की अतिसूक्ष्म गाळणीतून गाळलेला रोगट पानांचा रसही रोग लावतो. हा विषाणू इतका चिवट आहे की वाळल्या तंबाखूतही वर्षानुवर्षे टिकतो. तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटोची किंवा मिरचीची रोपे हाताळली, तर तो हातांवाटे रोपांना लागू शकतो. पानांवर फिकट-गर्द ठिपके पडतात, ती वेडीवाकडी होतात, झाड खुरटते, आणि मग औषध मारून उपयोग होत नाही. म्हणून रोपवाटिकेत तंबाखू नको. ज्याला सवय आहे त्याने रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात स्वच्छ धुवावेत.

तिसरी फवारणीची. औषध फवारताना मध्येच चिलीम, विडी किंवा मळलेली तंबाखू म्हणजे हाताचे विष थेट तोंडात. औषधाच्या डब्यावर फवारणीच्या वेळी खाऊ-पिऊ नये, धूम्रपान करू नये, असे छापलेले असते ते याचसाठी.

चौथी गोष्ट म्हातारी माणसे जाणतात. तंबाखूचा काढा साबणाच्या पाण्यात मिसळून पिकावर फवारायची जुनी रीत होती, आणि निकोटीन सल्फेट हे एके काळचे नावाजलेले कीटकनाशक होते. पिकावरचा मावा त्याने मरे. आता गंमत पाहा. पिकावरचा मावा तंबाखूने मरतो, आणि माणूस टपरीवरच्या माव्याने!

सोडायची कशी

"सांगणे सोपे आहे हो," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. वीस-तीस वर्षांची सवय एका लेखाने सुटत नाही. पण सोडणाऱ्याला काय मिळते ते आधी पाहा. शेवटचा झुरका घेतल्यावर २० मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. १२ तासांत रक्तातला तो विषारी वायू नेहमीच्या पातळीवर येतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्मा होतो. १० वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. साठीतल्या माणसालाही हा हिशेब लागू आहे. उशीर झाला, असे यात नसते.

पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, डोके दुखते, पोट साफ होत नाही, झोप उडते. घरच्यांनी त्या दिवसांत टोमणे मारू नयेत. तलफ येते तेव्हा ती न संपणारी वाटते, पण काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात उठावे, घोटघोट पाणी प्यावे, तोंडात बडीशेप, लवंग किंवा ओवा टाकावा, जनावरांना वैरण टाकून यावे. जेवणानंतर ज्या जागी बसून ओढायची सवय असेल, ती जागा काही दिवस बदलावी. चंची, काडेपेटी, डबी घरात ठेवूच नये.

एकट्याने जमत नसेल तर मदत मागण्यात कमीपणा नाही. १८००-११-२३५६ या क्रमांकावर दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो. तंबाखूच्या पुड्यावरच्या इशाऱ्यातही तो छापलेला असतो. अनेक जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्तीचा वेगळा कक्षही असतो. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काही दिसले, तर घरगुती औषधांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे.

चिलमीबरोबर एक चांगली गोष्टही होती, ती मात्र सोडू नका. संध्याकाळी चार माणसे एकत्र बसत, पावसा-पाण्याचे, बी-बियाण्याचे बोलत, भांडणे मिटवत. अर्थात कोणाला शेजारी बसवून चिलीम द्यायची आणि कोणाला दूर ठेवायचे, असा गावचा भेदही त्यात होताच. तो गेला तर बरेच झाले. बैठक ठेवा. मध्ये चहा ठेवा, भुईमुगाच्या शेंगा ठेवा, हुरड्याच्या दिवसांत हुरडा ठेवा. आणि सगळ्यांना एकाच गोलात बसवा.

मामंजींना कसे सांगावे?

राहता राहिली अडचण घरातल्या वडीलधाऱ्यांची. मामंजी ऐंशीचे, जन्मभर ओढत आलेले. सुनेने त्यांना सांगायचे कसे? आणि या वयात त्यांच्या हातून हिसकावून घेणेही बरे दिसत नाही.

अशा वेळी सगळेच मागू नये. तीनच गोष्टी मागाव्यात. ज्या खोलीत तान्हे मूल किंवा गरोदर बाई निजते, तिथे ओढू नये, कारण धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. लहान मुलांच्या छातीचे विकार आणि दमा त्याने वाढतात. खळ्यावर आणि गोठ्यात ओढू नये. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: नातवंडांना त्या वस्तूला हात लावू देऊ नये. भरायला नको, आणायला नको, पेटवायलाही नको.

सुनेला संकोच वाटत असेल तर मुलाने बोलावे, आणि तेही चारचौघांत नव्हे. वडिलांच्या पायाशी बसून सांगावे, "दादा, तुम्ही तुमचे बघा, पण आपल्या पोराला यातले काही शिकवू नका." ज्या म्हाताऱ्याने आपल्या खोकल्याला कधी जुमानले नाही, तोही नातवासाठी ऐकतो. आणि अनेकदा असे होते, की नातू भरून द्यायचा थांबला की आजोबांची थरथरती बोटेही ते काम करायला कंटाळतात. मग दिवसाच्या दहा चिलमी चारांवर येतात, आणि चारांच्या दोन होतात. तेवढेही थोडे नाही.